कुड्यांतील हिऱ्यांचे मोल कसे ठरते?

रायपूरच्या जुन्या वस्तीतील तात्यापारा हा भाग मराठी कुटुंबांची वसाहत म्हणून पूर्वापार ओळखला जातो. छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध आला आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली अनेक कुटुंबे येथेच स्थिरावली. सराफांच्या पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेला सदर बाजार येथून फार दूर नाही. त्यामुळे लग्नकार्याचे दागिने तेथून घ्यावेत आणि अडीअडचणीला किंवा शिक्षणासाठी तेच दागिने घेऊन बँकेची पायरी चढावी, हा येथील घराघरांतला परिपाठ आहे.

उदाहरणादाखल अशाच एका घराची कल्पना करावी. आई निवर्तल्यानंतर दोन बहिणी तिच्या दागिन्यांची वाटणी करीत आहेत. एकीकडे सोन्याच्या पाटल्या आहेत आणि दुसरीकडे सात-सात हिऱ्यांच्या कुड्या. थोरली म्हणते, “पाटल्या तू घे, कुड्या मला दे, हिशेब सारखाच होईल.” धाकटी विचारते, “ताई, सारखा कसा?” पाटल्यांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. वजन करावे, शुद्धता पाहावी, त्या दिवसाच्या भावाने गुणावे. कुड्यांचे काय करावे, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. जुन्या पावतीवर केवळ ‘हिरे नग १४, वजन २.१० कॅरट’ एवढीच नोंद आहे. शेजारी सांगतात, हिरा म्हणजे लाखांची गोष्ट. सोने तारण कर्जाच्या खिडकीवर चौकशी केली, तर हिऱ्यांचे वजन वजा करून उरलेल्या सोन्याचाच विचार होतो, असे उत्तर मिळते.

लाख आणि शून्य या दोन उत्तरांमध्ये हिऱ्याचे खरे मोल कोठे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सोन्याला भाव, हिऱ्याला मोल

शुद्ध सोन्याचा एक ग्रॅम दुसऱ्या शुद्ध ग्रॅमसारखाच असतो. रायपूरचे सोने वितळवून मुंबईच्या सोन्यात मिसळले, तरी कोणते कोणाचे हे ओळखता येत नाही. या एकसारखेपणामुळेच सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापता येतो.

हिरा वितळवून दुसऱ्या हिऱ्यात मिसळता येत नाही. एकाच खाणीतून, एकाच दिवशी निघालेले दोन हिरेसुद्धा आकार, रंग आणि अंतरंग यांत भिन्न असतात. त्यामुळे ‘आज हिऱ्याचा भाव काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या हिऱ्याचे मोल काय?’ या प्रश्नाला आहे. जागतिक व्यापारात १९७८ पासून रापापोर्ट यांची दरसूची प्रचारात आहे. तीही वजन, रंग व निर्मळता यांच्या कोष्टकात मांडलेली असते आणि व्यापारी प्रत्यक्ष सौदा तीवर सूट किंवा वाढ धरूनच करतात.

हे मोल मुख्यत्वे चार गुणांवर ठरते: वजन, पैलू, रंग आणि निर्मळता. इंग्रजीत या चारही शब्दांचे आद्याक्षर ‘सी’ असल्याने ‘चार सी’ ही संज्ञा रूढ झाली. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजेच ‘जीआयए’, या १९३१ साली स्थापन झालेल्या संस्थेने या गुणांच्या श्रेणी निश्चित केल्या आणि आज जगभर त्याच भाषेत हिऱ्याचे वर्णन केले जाते.

वजन: दुप्पट वजनाला दुप्पट किंमत नव्हे

प्रथम एक सर्वसाधारण गैरसमज दूर करावयास हवा. सोन्याच्या संदर्भात कॅरट म्हणजे शुद्धता. २४ कॅरट सोने शुद्ध, तर २२ कॅरट सोन्यात चोवीसपैकी बावीस भाग सोने. हिऱ्याच्या संदर्भात कॅरट हे वजनाचे माप आहे. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, अर्थात ग्रॅमचा पाचवा भाग. कॅरटचे शंभर भाग केले की त्यातील एका भागाला बाजारात ‘सेंट’ म्हणतात. अर्ध्या कॅरटचा हिरा म्हणजे ५० सेंटचा हिरा. काही पेढ्यांवर अजूनही रत्तीत बोलले जाते. परंतु ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ रत्ती वेगवेगळ्या वजनाची असल्याने पावतीवर कॅरटचा आकडा मागून घेणे श्रेयस्कर ठरते.

वजन वाढले की किंमत वाढते, परंतु ती सरळ प्रमाणात वाढत नाही. हा नियम भारतात फार प्राचीन काळापासून ज्ञात होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात हिऱ्याच्या किमतीचे कोष्टकच दिले आहे. तेथे वजनाचे माप आहे ‘तंडुल’, म्हणजे तांदळाचा दाणा. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या छत्तीसगडातील वाचकांना या मापाचे विशेष कौतुक वाटेल. २० तंडुल वजनाच्या उत्तम हिऱ्याची किंमत त्यात दोन लक्ष नाणी सांगितली आहे. वजन निम्मे, म्हणजे १० तंडुल झाले, की किंमत निम्मी न राहता पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे ४० हजारांवर येते. २ तंडुलाच्या हिऱ्याची किंमत तर हजारावा हिस्सा, म्हणजे केवळ २०० नाणी. वजन दहावा भाग आणि किंमत हजारावा भाग!

सतराव्या शतकात भारतात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने हाच विचार गणिताच्या रूपात मांडला. त्याच्या नियमानुसार वजनाचा वर्ग करून त्याला एक कॅरटच्या किमतीने गुणावे. म्हणजे दोन कॅरटचा हिरा चौपट, तर तीन कॅरटचा नऊपट किमतीचा. आजचा बाजार हा नियम तंतोतंत पाळत नाही. परंतु त्याची दिशा तीच आहे. मोठा स्फटिक निसर्गात दुर्मीळ असतो आणि किंमत या दुर्मीळतेची असते.

आता कुड्यांकडे वळू. एकूण वजन २.१० कॅरट असले, तरी ते चौदा हिऱ्यांत विभागलेले आहे. प्रत्येक हिरा सरासरी १५ सेंटचा. ताव्हेर्नियेच्या वर्गाच्या नियमाने पाहिले, तर २.१० कॅरटच्या एका हिऱ्याची किंमत या चौदा हिऱ्यांच्या एकत्रित किमतीच्या चौदापट येते! पावतीवर केवळ एकूण वजन लिहिलेले असेल, तर खरी माहिती निम्मीच मिळते. नग किती आणि सर्वांत मोठ्या नगाचे वजन किती, हे त्यासोबत विचारणे आवश्यक आहे.

आणखी एक बारकावा असा की, अर्धा, पाऊण, एक अशा पूर्ण टप्प्यांवर दर एकदम चढतो. ९८ सेंटचा आणि १ कॅरटचा हिरा डोळ्यांना सारखेच दिसतात, किंमत मात्र सारखी नसते. ज्याला केवळ वापरण्यासाठी हिरा घ्यावयाचा आहे, त्याला या टप्प्याच्या किंचित खालचा हिरा घेऊन बचत करता येते.

पैलू: मनुष्याच्या हातचा गुण

चार गुणांपैकी तीन निसर्ग देतो. पैलू मात्र कारागीर पाडतो. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ इतका उच्च आहे. त्यामुळे पैलूंचे कोन योग्य असतील, तर वरून शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन पुन्हा वरच बाहेर पडतो आणि हिरा झळाळतो. हिरा गरजेपेक्षा उथळ किंवा खोल कापला, तर प्रकाश तळातून व बाजूंनी निसटतो आणि निर्दोष खडासुद्धा निस्तेज दिसतो. गोल हिऱ्यासाठी योग्य प्रमाणांचे गणित मार्सेल तोल्कोव्हस्की यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. आजच्या पूर्ण पैलूंच्या गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. लहान खड्यांवर कधी कधी १७ किंवा १८ पैलूच असतात. तर जडावाच्या जुन्या दागिन्यांतील पोलकी हिरे जवळजवळ सपाट असून त्यांची चमक कोंदणामागील पातळ पत्र्यावर अवलंबून असते. दागिना मोडला की पोलकीची ती चमकही जाते, हे अशा वस्तूंचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवावे लागते.

पैलू आणि वजन यांचे द्वंद्व समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक प्रसिद्ध उदाहरण पाहता येईल. ‘नासक’ या नावाने जगभर ओळखला जाणारा हिरा नाशिकजवळील त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातील असल्याचे सांगितले जाते. १८१८ साली पेशवाईच्या अखेरीस तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला आणि लंडनला पोहोचला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. भारतीय कारागिरांनी वजन राखण्याकडे लक्ष देऊन त्याला पैलू पाडले होते. लंडनमध्ये तो पुन्हा कापण्यात आला आणि सुमारे ८० कॅरटचा झाला. १९४० साली अमेरिकेतील जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला आणि पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरटवर आणला. जवळजवळ निम्मे वजन घालवूनही तज्ज्ञ व्यापाऱ्याला हा सौदा फायद्याचा वाटला, यातच पैलूचे महत्त्व दिसून येते. १९७० साली न्यूयॉर्क येथील लिलावात हा हिरा पाच लाख डॉलर्सना विकला गेला. त्या किमतीत तेजाबरोबर इतिहासाचाही वाटा होता. सामान्य घरातील हिऱ्याला मात्र इतिहासाचे पैसे बाजारात मिळत नाहीत. तो इतिहास घरातल्यांपुरताच मोलाचा असतो.

रंग आणि निर्मळता

सामान्यतः ज्याला आपण पांढरा हिरा म्हणतो, तो खरे तर रंगहीन असावयास हवा. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. परंतु त्यात नायट्रोजनचे अत्यल्प अणू शिरले की पिवळसर झाक येते. जीआयएच्या श्रेणीत ‘डी’ म्हणजे पूर्ण रंगहीन आणि तेथून ‘झेड’पर्यंत ही झाक वाढत जाते. शेजारच्या दोन श्रेणींतील भेद अननुभवी डोळ्याला कळत नाही. तज्ज्ञ हिरा उलटा ठेवून, ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या खड्यांशी ताडून तो ठरवितात. सोन्यात बसविलेल्या हिऱ्यावर सोन्याचाच पिवळेपणा उमटतो. म्हणून जडविलेल्या खड्याचा रंग निश्चितपणे सांगता येत नाही. अंदाज मात्र करता येतो. झाक एका मर्यादेपलीकडे जाऊन गडद पिवळा रंगच झाला, किंवा बोरॉनमुळे निळा रंग आला, की तो हिरा दुर्मीळ रंगीत हिऱ्यांत गणला जातो आणि किंमत पुन्हा चढते.

निर्मळता म्हणजे अंतरंगाची स्वच्छता. भूपृष्ठाखाली सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर प्रचंड दाबाखाली हिरा घडतो. त्या प्रवासात सूक्ष्म कण, रेषा आणि भेगा त्यात अडकतात. प्राचीन रत्नपरीक्षकांनी या दोषांना काकपद, मक्षिका, केश अशी बोलकी नावे दिली होती: कावळ्याच्या पावलासारखी खूण, माशीसारखा ठिपका आणि केसासारखी रेघ. आजचा परीक्षक दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून हेच पाहतो आणि ‘फ्लॉलेस’पासून ‘आय-३’पर्यंत अकरा श्रेणींत हिऱ्याला बसवितो. ‘व्हीव्हीएस’, ‘व्हीएस’, ‘एसआय’ ही पावत्यांवर दिसणारी अक्षरे याच श्रेणींची होत.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, ‘व्हीएस’ आणि त्याहून वरच्या श्रेणींतील दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसण्यात फरक नसला, तरी किमतीत मोठा फरक असतो. तो फरक परवडतो का, हा निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा; विक्रेत्याच्या आग्रहाखातर नव्हे.

मातीतल्या हिऱ्याचे मोल

हिऱ्याचा विषय रायपूरकरांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. ‘बृहत्संहिते’त हिरे सापडणाऱ्या प्रदेशांच्या यादीत कोसलाचा उल्लेख आहे आणि आजचा छत्तीसगड म्हणजेच प्राचीन दक्षिण कोसल. सीमेपलीकडे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबरकालीन ‘आईन-इ-अकबरी’त आढळते. पूर्वी रायपूर जिल्ह्यात असलेल्या आणि १ जानेवारी २०१२ पासून स्वतंत्र झालेल्या गरियाबंद जिल्ह्यात पायलीखंड व बेहराडीह येथे हिरे धारण करणारा किंबरलाइट खडक आढळला आहे. परवान्यांच्या न्यायालयीन वादामुळे तेथील खाणकाम वर्षानुवर्षे रखडले. दरम्यान चोरट्या उत्खननातील खडे विकताना पकडल्या गेलेल्यांच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत वेळोवेळी आल्या.

अशा कच्च्या खड्याचे मोल ठरविणे अत्यंत कठीण असते. वरचा थर खडबडीत, आतला दोष अदृश्य आणि पैलू पाडल्यावर किती वजन उरेल हे अनिश्चित. शिवाय कागदपत्रांविना आलेला खडा विकत घेणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. ‘थेट खाणीवरचा स्वस्त हिरा’ या प्रलोभनापासून ग्राहकांनी दूर राहावे, हे वेगळे सांगावयास नको.

याउलट, कायदेशीर मार्ग कसा असतो हे मध्य प्रदेशातील पन्ना येथे पाहावयास मिळते. तेथे उथळ खाणीचा पट्टा घेतलेल्या व्यक्तीला सापडलेला खडा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. तेथील पारखी तो तोलतो, ‘उज्ज्वल’, ‘मैला’, ‘मट्ठो’ अशा प्रतींत त्याची वर्गवारी करतो आणि त्यानंतर जाहीर लिलाव होतो. शासनाचे स्वामित्वशुल्क व कर वजा जाता उरलेली रक्कम पट्टाधारकाला मिळते. २०१८ साली एका मजुराला सापडलेला ४२.५९ कॅरटचा खडा त्याच वर्षीच्या लिलावात कॅरटमागे सुमारे सहा लाख रुपये दराने, म्हणजे सुमारे २.५५ कोटी रुपयांना गेला. पारख, वर्गवारी आणि अनेक खरेदीदारांमधील खुली स्पर्धा या तीन पायऱ्यांमुळेच त्या मजुराला न्याय्य मोल मिळू शकले.

प्रयोगशाळेत घडलेला हिरा

गेल्या काही वर्षांत बाजारात आणखी एक पर्याय आला आहे. प्रचंड दाब व तापमान देऊन, किंवा कार्बनयुक्त वायूपासून थरावर थर चढवून, यंत्रात हिरा वाढविता येतो. हा काचेचा किंवा अमेरिकन डायमंडचा खडा नव्हे. त्याची रचना, कठीणपणा आणि चमक नैसर्गिक हिऱ्यासारखीच असते आणि भिंगातून तो ओळखता येत नाही. त्यासाठी विशेष उपकरणे लागतात. भारतात, विशेषतः सुरतेत, त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते आणि केंद्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच्या संशोधनासाठी भारतीय तंत्रज्ञान संस्थेला पाच वर्षांचे अनुदान जाहीर केले.

तथापि, या हिऱ्याच्या किमतीत दुर्मीळतेचा भाग नसतो. उत्पादन वाढत गेले तशी त्याची किंमत वेगाने घसरली. २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्यांच्या किमतीही उतरल्या. जीआयएने तर ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतील हिऱ्यांना रंग व निर्मळतेच्या पारंपरिक श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच प्रकार ठेवले. हौसेसाठी, अल्प खर्चात मोठा खडा वापरावयाचा असेल, तर हा पर्याय उत्तम आहे. पुनर्विक्रीची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये आणि पावतीवर ‘प्रयोगशाळेत निर्मित’ अशी स्पष्ट नोंद अवश्य करून घ्यावी.

बँकेची खिडकी काय पाहते?

हिऱ्याचा दागिना तारण ठेवताना केवळ सोन्याचाच विचार का होतो, याचे कारण आता स्पष्ट होईल. कर्ज थकल्यास तारण वस्तू ठरावीक पद्धतीने, जाहीर दराने विकता आली पाहिजे. सोन्याबाबत हे शक्य आहे. प्रत्येक नग वेगळा असलेल्या हिऱ्याबाबत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारण कर्जाबाबत निर्देश प्रसृत केले आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत त्यांचे पालन करण्यास सांगितले. त्यांनुसार दागिन्यातील सोन्याचे किंवा चांदीचेच आंतरिक मूल्य धरावयाचे असून खडे-रत्नांची किंमत त्यात मिळवावयाची नाही. शुद्धता तपासताना कर्जदार उपस्थित असावा, तसेच एकूण वजन, खडे-लाख इत्यादींसाठी केलेली वजावट व निव्वळ वजन यांची लेखी नोंद त्याला मिळावी, अशीही तरतूद त्यात आहे.

कुड्यांचे एकूण वजन ९.४२ ग्रॅम असेल, तर २.१० कॅरट हिऱ्यांचे ०.४२ ग्रॅम वजा होऊन ९ ग्रॅम सोने उरेल. वजावट किती झाली, हे ग्राहकाला कॅरटवरून स्वतःच ताडून पाहता येते.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला, सोन्यावरील हॉलमार्क व १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी अनिवार्य झालेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक केवळ सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. त्यातील हिऱ्याविषयी तो काहीही सांगत नाही. हिऱ्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागते. दुसरा, प्रमाणपत्रात गुणांचे वर्णन असते, किंमत नसते. किमतीचा आकडा हवा असल्यास मूल्यांकनाचा वेगळा दाखला घ्यावा लागतो.

मोल कशासाठी हवे?

एकाच हिऱ्याला एकाच दिवशी अनेक रास्त किमती असू शकतात. पेढीवरील विक्री किमतीत घडणावळ, कर, दुकानाचा खर्च व नफा असतो. विम्यासाठी तशीच वस्तू नव्याने घेण्यास किती लागेल हे पाहतात. पुनर्विक्रीत जवाहिऱ्या स्वतःचा नफा सोडूनच किंमत सांगतो, म्हणून ती खरेदीपेक्षा बरीच कमी येते. सक्तीच्या विक्रीत तर मालकाला बोलण्यास वावच नसतो. तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या निधनानंतर १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर छत्तीसगडही इंग्रजी अमलाखाली गेला आणि नागपूरच्या राजवाड्यातील जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. ज्यांचे ते होते, त्यांना किंमत विचारण्याचा अधिकार उरला नव्हता. सामान्य माणसावर अशी वेळ घाईमुळे येते. गरज दारात उभी राहण्यापूर्वीच मूल्यांकन करून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

आता त्या दोन बहिणींच्या वाटणीकडे परत यावे. त्यांच्या हिशेबात अडचण अशी होती की, पाटल्या आजच्या विक्रीच्या भावाने मोजल्या जात होत्या आणि कुड्या पेढीवरील नव्या कुड्यांच्या किमतीने. दोन वस्तूंना दोन मापे लावली, तर वाटणी सारखी दिसेल, पण होणार नाही. कुड्या प्रथम रत्नपरीक्षकाकडून तपासून हिऱ्यांचे गुण लिहून घ्यावेत. मग दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी ‘आज विकल्यास किती?’ हाच एक प्रश्न पाटल्यांसाठीही विचारावा आणि कुड्यांसाठीही. येणारा फरक रोख रकमेने भरून काढावा. आईच्या कानांतल्या कुड्या कोणी घालाव्यात, हा प्रश्न त्यानंतरही उरेल. पण तो मायेचा असेल, हिशेबाचा नव्हे.

अशा वेळी ग्राहकांना पुढील गोष्टी उपयोगी पडतील:

१. खरेदीच्या पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्यांचे नग, कॅरट, रंग, निर्मळता आणि हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, या बाबी स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात.

२. मोठ्या नगासाठी प्रमाणपत्राचा आग्रह धरावा व त्यावरील क्रमांक प्रयोगशाळेच्या नोंदीशी ताडून पाहावा.

३. परत घेण्याची अट केवळ तोंडी न ठेवता लेखी घ्यावी. किती टक्के, कोणत्या दराने आणि रोख की बदल्यात, हे त्यात असावे.

४. जुन्या दागिन्यांचे छायाचित्रासह मूल्यांकन करून ठेवावे. वारशाने आलेला दागिना पुढे विकल्यास भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी मूळ पावती लागते. मूळ खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते. याबाबत कर सल्लागारास विचारावे.

५. लॉकरमधील वस्तूंचा विमा बँक उतरवीत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर अशा प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींइतके असते. मौल्यवान दागिन्यांचा विमा स्वतः उतरवावा.

६. कागदपत्रांची एक प्रत दागिन्यासोबत आणि एक अन्यत्र ठेवावी.

त्या कुड्या ज्या बहिणीकडे जातील, तिने लॉकरच्या डबीत त्यांच्यासोबत एक कागद अवश्य ठेवावा: चौदा हिऱ्यांचे वजन, रंग, निर्मळता, पैलू आणि तपासणीची तारीख. पुढच्या पिढीत पुन्हा वाटणीची वेळ येईल, तेव्हा कोणाला अंदाजाने बोलावे लागणार नाही.